दत्ताचा डावा खिसा

मंगळवार, संध्याकाळी सातचा सुमार. टेबलावर चौदा इंची रंगीत मॉनिटर, मागचं कव्हर काढलेलं. दुरुस्तीचा ठरलेला आकडा साडेचारशे रुपये. दुकानात हजर दोघे, दत्ता मोकल आणि मी. मागाहून आत आले ते तिघे. पोलिसांनी माझा जबाब घेतला त्यात एवढं सगळं बरोबर उतरलं आहे. मी दोनदा वाचून सही केली. सळईची लांबी मी अंदाजे सांगितली होती, ती 'अंदाजे' अशीच लिहून घ्यायला लावली. फक्त एक गोष्ट त्यात नाही. मी ती सांगितली तेव्हा हवालदाराने पेन थांबवलं आणि विचारलं, "म्हणजे खिशात हत्यार होतं का?" मी म्हटलं, "नाही, हात होता." तो म्हणाला, "मग ते लिहायचं कशाला?"

दत्ता तिसऱ्या दिवशी गेला. आता काही आठवडे झाले. जबाबात ज्या गोष्टीला जागा मिळाली नाही ती कुठेतरी लिहिली जावी म्हणून हे लिहितो आहे. तो माझा मित्र होता, आणि तो चांगला माणूस होता असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. त्याला ओळखणारे हे वाचतील आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर अजून खुणा आहेत.

आमची ओळख एका थपडेने झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तळोज्याच्या ज्या कारखान्यात मी हिशेब खात्यात आहे, तिथे नुकतेच तीन संगणक आले होते. त्यांच्यासाठी वेगळी थंडगार खोली, बाहेर चपला काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही. दसऱ्याला आम्ही तिन्ही मॉनिटरना हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, आणि पूजा सांगणाऱ्या भटजींनी आंब्याच्या पानाने भरपूर पाणी शिंपडलं. झाकणाच्या फटींतून ते आत गेलं. दुसऱ्या दिवशी एका मॉनिटरमधून चटचट आवाज आला, जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. कंपनीचा माणूस मुंबईहून यायला पंधरा दिवस लागणार होते, म्हणून कोणीतरी पनवेलहून एका टीव्ही मेकॅनिकला बोलावलं. काळा, बुटका, जाड मानेचा तिशीतला माणूस आला. कव्हर काढून त्याने आत बघितलं आणि म्हणाला, "देव आत शिरला हाय." सगळे हसले. मी पुढे वाकलो आणि ट्यूबच्या मागच्या लाल वायरकडे बोट नेऊन विचारलं, "ही जळली का?" पुढच्या क्षणी मी भिंतीशी होतो. कान वाजत होता आणि तोंडात रक्ताची चव होती. त्याने डाव्या हाताने अशी काही लगावली होती की माझ्या दाढेचा एक तुकडा पडला.

"जिवंत हाय ती!" तो ओरडला.

मॅनेजर धावत आले, शिपायाने त्याची कॉलर धरली. मी सांगितलं की प्लग तर कालपासून काढलेला आहे. दत्ताने कॉलर सोडवून घेतली, एक लांब स्क्रूड्रायव्हर वायरीने चौकटीला बांधला आणि त्याचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. ठाप्प! निळी ठिणगी उडाली. शिपाई दोन पावलं मागे गेला. प्लग काढला तरी त्या काचेच्या पोटात हजारो व्होल्टचा दाब साठून राहतो हे मला त्या दिवशी कळलं. दत्ता माझ्या गालाकडे बघून म्हणाला, "दात गेला, तुमी राह्यलात. हिशोब बरोबर हाय का?" मी हिशेब खात्यातला आहे हे त्याला माहीत नव्हतं. कळल्यावर त्याने माझं नाव आकडेशेट ठेवलं, ते शेवटपर्यंत.

मला तेव्हा नवीन पनवेलला राहायला येऊन वर्षच झालं होतं. संध्याकाळी कारखान्याची बस स्टँडजवळ सोडायची. दत्ताचं दुकान स्टँडमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून. येणारा प्रत्येक टीव्ही आणि मॉनिटर महिनाभरात पिठाने पांढरा व्हायचा. मी त्याची बिलं लिहून द्यायला लागलो, तो मला चहा पाजायला लागला. पुढे तो सुटे भाग आणून संगणकही जुळवायला लागला. मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या, पंखे, पत्र्याचे डबे... पण त्याचा जीव मॉनिटरमध्ये. "डब्यात काय हाय, नुसता गणित," तो म्हणायचा. "खरा जोर या काचेत."

त्याचं गाव ओव्याच्या बाजूचं. शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली. थोरला भाऊ बबन खाणीवर डंपर चालवू लागला, त्याने धाकट्या दत्ताला मुंबईत एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं आणि पुढे दुकानाला पैसेही दिले. या उस्तादाने त्याला दोन नियम घालून दिले. दत्ता जन्मतः डावखुरा, पण उस्तादाने त्याला कामाला उजवा हात लावायला शिकवलं. पहिला नियम, चालू सेटवर काम करताना डावा हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते, मधे काळीज असतं. सुरुवातीला दत्ताचा डावा हात सवयीने बाहेर यायचा, तेव्हा उस्ताद त्या हाताच्या बोटांवर पकडीने मारायचा. दुसरा नियम मेलेल्या ट्यूबचा. पिक्चर ट्यूब आतून पोकळ, हवा काढून घेतलेली. ती मेली की त्याच दिवशी तिच्या मानेच्या टोकाचं काचेचं बोंड पकडीने मोडायचं. सुस्स असा आवाज होतो, हवा आत जाते, मग ती नुसती काच. तसं न करता ठेवली आणि पडली, तर बाहेरची हवा ती आत चिरडते आणि काच गोळ्यांसारखी उडते. दत्ता याला 'हवा पाजणं' म्हणायचा. मरणाऱ्याला पाणी पाजावं तसं, असं त्याने मला गंभीरपणे सांगितलं होतं.

कामाला उजवा आणि मारायला डावा, अशी त्याची वाटणी होती. मी पाहिलेले प्रसंग सांगतो, ऐकलेले सोडून देतो. करंजा बंदराचा एक मासळीचा व्यापारी टीव्ही घेऊन आला होता. खाऱ्या हवेने आतलं सगळं गंजलेलं. दुरुस्ती झाल्यावर तो म्हणाला, "माझी ट्यूब काढून जुनी घातलीस." दत्ताने डाव्या हाताने त्याला गळ्याशी धरलं, काउंटरवरून अलीकडे ओढलं आणि त्याचं तोंड लाकडावर आपटलं. एकदा, मग परत एकदा, सावकाश, जसा कोणी खिळा ठोकतो. दोन दात रॅमच्या पट्ट्यांच्या खोक्यात पडले. पळस्प्याच्या नाक्यावर एका ट्रकवाल्याने त्याच्या लुनाला घासलं, तेव्हा मी मागे बसलो होतो. दत्ता ट्रकच्या पायरीवर चढला, दार उघडून ट्रकवाल्याचा हात बाहेर खेचला आणि त्यावर दार आपटलं. हाड मोडल्याचा आवाज रस्त्याच्या आवाजातही मला ऐकू आला. परत लुनावर बसल्यावर माझ्याकडे वळून बघत तो म्हणाला, "आकडेशेट, उतरायचा असंल तर उतरा." मी उतरलो नाही. चालत घरी यायला दोन तास लागले असते, हेही खरं, आणि हेही खरं की उतरावंसं वाटलं नाही. त्याची बायको कुंदा हिला मी परवा सरळ विचारलं की तुझ्यावर कधी हात टाकला का. ती म्हणाली, "टाकला. दोनदा. लिवा."

या माणसाला एकट्या बबनचा धाक होता. धाक म्हणजे मार नव्हे. बबन उंच, शांत, मिशीत हसणारा. डंपरवरून सुटला की तो संध्याकाळी दुकानात यायचा आणि आरसा धरायचा. मॉनिटरचं चित्र सरळ करायचे स्क्रू पाठीमागे असतात आणि चित्र पुढे. म्हणून मेकॅनिक मागे उभा राहतो आणि पुढे कोणीतरी आरसा धरून बसतं. दत्ता मागून स्क्रू फिरवायचा, आरशात बघायचा आणि सांगायचा, "दादा, जरा खाली. आता डावीकडं. आता हालू नको." हा एवढा तापट माणूस, पण त्या वेळी त्याचा आवाज बाळाला निजवावं तसा असायचा. बबन अर्धा अर्धा तास हात न हलवता आरसा धरायचा. त्याचा मुलगा जितू तेव्हा शाळेत होता.

नव्वदच्या थोडं पुढची गोष्ट. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात दोघा भावांच्या नावावर मिळून एक भूखंड मिळाला. बबनने एका बिल्डरला शब्द दिला. दत्ता सही करीना. महिनाभर घरात धुसफूस चालली होती. त्या संध्याकाळी मी बिलं लिहीत होतो, बबन पुढे आरसा धरून बसला होता आणि दत्ता मागे. बबनने हळूच विषय काढला. दत्ता म्हणाला, "आरसा सरल धर." बबन म्हणाला, "सही कर, मंग धरतो." दत्ता म्हणाला, "बापाची शेवटची जागा हाय ती. इकून मटन खानार का?" तेव्हा बबन हसला. मला वाटतं ते हसूच नडलं. तो म्हणाला, "वा रे शेट! आरसा धरायला मी, आनि मालक तू? तुजा दुकान माज्या डंपरच्या धुरल्यावर उभा हाय."

दत्ता मागून पुढे आला. भिंतीच्या फळीवर एक बारा इंची जुनी ट्यूब होती, नुसती, पत्र्याशिवाय. ती मेली होती, पण तिला थोडा जादा दाब देऊन उठवता येईल असं त्याला वाटत होतं, म्हणून आठवडाभर त्याने तिला हवा पाजली नव्हती. त्याचा डावा हात फळीकडे गेला. मी "दत्ता" एवढंच म्हणू शकलो. त्याने ती बबनच्या पायाशी आपटली. तोंडावर मारली नाही, पायाशी आपटली, हे मी त्यांच्या घरच्यांना तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. पण त्या आवाजाने गिरणीतल्या बायका किंचाळत बाहेर पळाल्या. खोलीभर काच उडाली. माझ्या बाहीत तुकडे रुतले, वरचा दिवा फुटला. मग फक्त शेजारून गिरणीच्या पट्ट्याची फटफट... बबन खुर्चीत तसाच बसला होता. आरसा त्याच्या हातात होता, त्याला तडाही गेला नव्हता. त्याने तो उलटा फिरवला, स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि बघितलं. उजव्या डोळ्याच्या जागी काच होती आणि गालावरून खाली सगळं लाल.

डोळा गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन शस्त्रक्रिया केल्या, तरी गेला. पोलिसांना बबनने सांगितलं, "माज्या हातनं ट्यूब पडली." मलाही त्याने तसंच सांगायला लावलं. दत्ता इस्पितळाच्या जिन्याखाली चार दिवस बसून होता, वर गेला नाही. बबन घरी आला त्या दिवशी मी दत्ताला हाताला धरून त्याच्याकडे नेलं. बबन ओटीवर बसला होता, डोळ्यावर पट्टी. जितू त्याच्या पायाशी. दत्ताने सहीचा कागद पुढे ठेवला. बबनने तो बघितलाही नाही. म्हणाला, "माला आता एकच डोला हाय. त्या डोल्याला तुजा डावा हात उगारलेला दिसला नाय पायजे. माज्यावर नाय, कोनावरच नाय. बस."  दत्ताने डावा हात पँटच्या खिशात घातला आणि तसाच उभा राहिला.

मला वाटलं, आठ दिवस टिकेल. कुंदाने पंधरा दिवस धरले होते. ओझं उचलताना, स्क्रू काढताना, लुना चालवताना तो हात बाहेर असायचा. पण समोरच्याचा आवाज चढला की हात आत. रिक्षावाल्याशी भाडं ठरवताना आत, गिऱ्हाईक बिलावरून भांडलं की आत, घरात कुंदाने पातेलं आपटलं की आत. आत गेलेला हात गप्प नसायचा. मूठ कापडाखाली उंदीर कोंडल्यासारखी फिरायची. दर दोन-तीन महिन्यांनी तो खिसा फाटायचा आणि हात मांडीपर्यंत खाली जायचा. शेवटी दत्ता टपाल नाक्यावरच्या अन्वर मास्टरकडे गेला आणि म्हणाला, "मास्टर, डावा खिसा जाड शिवा. ताडपत्रीचा शिवा." अन्वर मास्टरने चष्म्यावरून बघत विचारलं, "दत्ताभाई, जेब में क्या नाग पाला है?" दत्ता म्हणाला, "हां. और वो डसता है." तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा जाड डक कापडाचा, दुहेरी शिवणीचा, हातभर खोल. मास्टर त्याचे पँटमागे दहा रुपये जास्त घ्यायचा.

त्या खिशाने किती सोसलं ते सांगायला एक प्रसंग पुरे. नवीन पनवेलमध्ये संगणकाचे क्लास निघाले होते. एका क्लासवाल्याने दहा मॉनिटर दुरुस्तीला दिले, आणि परत नेताना चार पोरांदेखत ओरडू लागला की आतले चांगले भाग काढून घेतले. दत्ता म्हणाला, "खोला. बघून घ्या." त्या माणसाने काउंटरवरचा कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि दत्ताच्या तोंडावर हाणला. बटणं चहूकडे उडाली. नाकाचं हाड मोडलं, रक्त शर्टावरून टेबलावर टपकायला लागलं. त्याने परत हाणला. एक पोरगा ओरडला, "सर, बस!" मी दत्ताच्या खिशाकडे बघत होतो. पट्टा ताणून एका बाजूला खाली आला होता, कमरेची शिवण उसवत होती. खिसा फाटला नाही. तो माणूस दमला, शिव्या देत निघून गेला. दत्ता गुडघ्यावर बसून उजव्या हाताने बटणं गोळा करू लागला आणि नाकातून बोलला, "आकडेशेट, मोजून घ्या, एखादा आकडा कमी असंल." आम्ही दोघंही हसलो. हसताना त्याच्या नाकातून रक्त उडत होतं. एक बटण मिळालंच नाही, ते रात्री कुंदाला त्याच्या शर्टाच्या खिशात सापडलं. गल्लीत मात्र बातमी पसरली की दत्ता मोकल आता मार खातो, उलटून मारत नाही. ज्यांना पूर्वी त्याने मारलं होतं त्यांतले दोघे आपला हिशेब करून गेले. मासळीवाला त्यात होता. दत्ताने त्यालाही मारू दिलं.

बबनची जड वाहनं चालवायची परवानगी गेली. भूखंडावर घर झालं, पण तो दिवसभर त्या घराच्या पायरीवर बसून राहायचा. दुकानात पुन्हा आला नाही. आरसा धरायला दत्ताने कोणालाच बसवलं नाही. लोखंडी पट्टीचा एक स्टँड करून घेतला आणि आरसा त्यावर अडकवला. तो स्टँड कधी बरोबर उंचीला बसला नाही. दत्ता दर वेळी मागून म्हणायचा, "जरा खाली..." आणि मग स्वतःच पुढे येऊन खाली करायचा.

जितू मोठा झाला. बापाला पायरीवर बसलेला बघत मोठा झाला. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी गावात एका लग्नाची हळद होती. आगरी हळदीला बेंजोचा ताफा, दारू आणि सगळा गाव असतो. नाचताना कोणीतरी जितूला डिवचलं, "तुजा बापूस आरसा धरायला गेला आनि डोला ठेवून आला. तुजा काका अजून त्याच आरशात बघतो." एवढंच. जितू रात्रभर प्यायला, दुसऱ्या दिवशीही प्यायला, आणि संध्याकाळी दोन मित्र घेऊन दुकानात आला. हातात बांधकामावरची सळई.

दत्ता मागे उभा राहून त्या रंगीत मॉनिटरचे रंग जुळवत होता. मॉनिटर चालू, कव्हर काढलेलं. डावा हात खिशात होता, कारण सेट चालू होता. मी त्याच्या थोडा मागे भिंतीशी बसलो होतो, त्याची पाठ दाराकडे. पण समोर आरसा होता. त्याने जितूला आरशात पाहिलं. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्याने आधी जितूला पाहिलं, मग आरशातच माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आकडेशेट, बाजूला व्हा."

पहिला घाव खांद्यावर बसला. दत्ता टेबलावर आपटला आणि सावरला. मी ओरडलो, "दत्ता, हात काढ!" मी, ज्याने आयुष्यात कोणावर हात उचलला नाही, मी ओरडत होतो, "हात काढ, मार त्याला, मार!" जितू रडत होता आणि शिव्या देत होता. त्याने सळई परत उचलली, ती अर्धवट त्या उघड्या मॉनिटरवरून गेली. तेव्हा दत्ता ओरडला, पण चिडून नव्हे, मला कारखान्यात ओरडला होता तसा, "जितू, जिवंत हाय ती! लोखंड नको लावू!" त्याने उजवा हात लांब करून भिंतीवरचा प्लग खेचला. डावा हात मोकळा होता. त्या हाताने त्याने याआधी पळत्या माणसाला गळ्याशी धरलं होतं. सळई धरणं त्याला जड नव्हतं. तो हात खिशातच राहिला. पडदा विझला आणि दुसरा घाव डोक्यावर बसला. मग तिसरा. जितूचे मित्र पळाले. जितू सळई टाकून तिथेच खाली बसला आणि काकाचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न करू लागला. मी ते घेऊ दिलं नाही.

इस्पितळात वॉर्डबॉयला दत्ताचा डावा हात खिशातून काढता येईना. बोटं आवळलेली होती. शेवटी त्यांनी पँट कापली. डक कापडाला कात्री लागेना, तेव्हा ब्लेडने कापली. मग बबन आला. जितूला त्याने स्वतः पोलिसांकडे नेऊन बसवलं होतं आणि तिथून तो सरळ आला होता. बाकावर माझ्या शेजारी बसला. त्याने एकच विचारलं, "हात काडला होता का त्याने?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने आपला चांगला डोळा माझ्याकडे वळवला आणि त्या बाकावर मूठ अशी हाणली की नर्स दाराशी आली. "सगल्या जन्मात त्याने कोनाचा काय ऐकला नाय," तो म्हणाला. "आयचा नाय, बापाचा नाय. हा एकच ऐकला? हा कशाला ऐकला?" त्याने आणखी एकदा मूठ हाणली, मग उजव्या हाताने डावी मूठ धरून ठेवली.

कुंदाने मला परवा सांगितलं की अन्वर मास्टरकडे दत्ताच्या दोन पँट शिवायला टाकलेल्या आहेत, तेवढं बघा. मी रविवारी सकाळी गेलो. शिलाई पँटमागे एकशे वीस, जाड खिशाचे दहा, म्हणजे दोनशे साठ. सुटे पैसे पाकिटात घालून नेले होते. मास्टरच्या दुकानात बबन उभा होता. त्यातली एक पँट त्याने स्वतःच्या लुंगीवरून कमरेला लावून धरली होती. मास्टर मशीनवरून हात काढून बसला होता. मी म्हटलं, "बबनशेट, लांबीला कमी पडेल. दत्ता बुटका होता." बबन म्हणाला, "पडू दे. कमरेला बसतंय." त्याने डावा हात त्या खिशात घातला. हात मनगट ओलांडून आत गेला, आणखी थोडा गेला, तरी तळ लागला नाही. तो तसाच उभा राहिला. मग हात काढून त्याने दोन्ही पँट घडी करून पिशवीत घातल्या.

माझं पाकीट माझ्याकडेच राहिलं. दोनशे साठ रुपये बबनने मोजून अन्वर मास्टरच्या हातात दिले.